आतलं दार आधी

१५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडले, फौज आत शिरली. पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा काही फुटेना. अखेर कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून तट चढली आणि तिने दरवाजा आतून उघडला.

आपल्या वऱ्हाडाचा इतिहास बाहेरच्या दरवाजांवरूनच सांगितला जातो. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा, बहामनी काळातला. पेंढाऱ्यांच्या भीतीने निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये अमरावतीचा परकोट बांधायला घेतला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. घराच्या आतल्या दारांबद्दल मात्र फारसे कुणी लिहिले नाही. खरे तर माणसाचा दिवस त्याच दारांतून जातो.

शब्दांतही हा इतिहास आहे. ‘दार’ संस्कृत ‘द्वार’वरून आले, ‘दरवाजा’ फारसीतून. पण फारसी ‘दर’ आणि संस्कृत ‘द्वार’ मुळात एकाच शब्दकुळातले. चौकट, उंबरठा, कवाड, कडी हे शब्द इथले. मजला, दिवाणखाना, कमान तिकडून आलेले. घर एकच, त्यात कोणता शब्द कुणाचा हे सुताराने कधी विचारले नाही.

जुन्या मातीच्या घरात क्रम ठरलेला होता. आधी चौकट उभी राहायची, मग तिच्याभोवती भिंत चढायची. चौकटीची वरची-खालची लाकडे दोन्ही बाजूंना भिंतीत शिरलेली असत. म्हणून अशी चौकट काढायची तर भिंतही फुटते. बिजागरीऐवजी फळीच्या कोपऱ्यालाच खुंटी ठेवून ती वरखालच्या भोकांत फिरवत. लाकूड मेळघाटचे सागवान. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेले, पुढे जंगल राखीव झाले आणि १९७३-७४ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प आला. सागवान महागत गेले. आज तिवशात नवे घर बांधणारा परतवाड्याच्या लाकूड बाजारात भाव विचारतो आणि बहुतेकदा फ्लश डोअर घेऊन परततो.

आता घर दुरुस्तीला काढले की आपण काय करतो? पहिले बैठकीचे दार बदलतो, कारण पाहुण्यांना ते दिसते. न्हाणीघराचे दार खालून कुजत असते, ते ‘पुढच्या वर्षी’वर जाते. ओल तिथून शेजारच्या चौकटीत, पट्टीत चढते आणि मागे वाळवी येते. म्हणून पैसा थोडा असेल तर क्रम उलटा हवा: आधी न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, मग झोपायच्या खोल्या, शेवटी बैठक.

एका खोलीतही क्रम असतो. आधी फरशी. शहाबादीवर टाइल्स बसवल्या की जमीन वर येते. दार आधी बसवले असेल तर ते खालून तासावे लागते. मग चौकट, मग प्लास्टर, त्यानंतर फळी. चौकट आणि भिंतीमधली फट झाकणारी पट्टी त्यानंतर, आणि रंग-पॉलिश सगळ्यात शेवटी. काळही पाहावा. मे महिन्याच्या उन्हात लाकूड आकसते. तेव्हा घट्ट बसवलेले दार आषाढात फुगून अडकते. दिवाळीनंतरचे दिवस बरे.

आणि एक. मातीचे घर पाडताना जुनी सागवानी दारे भंगाराच्या भावात जातात. त्याच फळ्या रंधून दोन आतली दारे आणि त्यांच्या पट्ट्या सहज निघतात. पणजोबांनी जंगलातून बैलगाडीवर आणलेले ते लाकूड आज बाजारात त्या प्रतीचे मिळणे अवघड. विकण्याआधी सुताराला एकदा दाखवावे. ते आपल्या घरातच राहिले, तर नातवंडांच्या हाताला रोज लागेल.