स्नेहसंमेलन कोणाचे?

महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन म्हणजे परीक्षेपूर्वीची चार दिवसांची करमणूक, अशी आपल्या बहुतेक घरांतील समजूत आहे. मुलगा तास बुडवून मंडपाच्या कामाला लागला की वडील रागावतात. मुलगी नाटकात काम करणार असे कळले की आई काळजीत पडते. रंगमंचावर कोण नाचले, कोणाची नक्कल रंगली, हे पुढील वर्षी कोणाच्या ध्यानातही राहत नाही. परंतु मंडप कोणी उभारला, पैसे कोणी मोजले, नाटक कोणी निवडले आणि ऐनवेळचे भांडण कोणी मिटवले, या प्रश्नांना मोठा इतिहास आहे. भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने तो थोडक्यात पाहू.

झाडीतील मंडई

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या भागाला ‘झाडीपट्टी’ म्हणतात. येथील तरुणांना समारंभ उभा करण्याचे शिक्षण महाविद्यालयात प्रथम मिळाले, असे म्हणता येणार नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाहुण्यांच्या भेटी होतात, सोयरिकीच्या गोष्टीही निघतात. रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक असते आणि ते पहाटेपर्यंत चालते. गावातील तरुणांचे मंडळ नाटक ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि नफा-तोट्याचा भार उचलते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली व दंडार यांचा परिश्रमपूर्वक अभ्यास केला. झाडीपट्टी रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचेही या रंगभूमीकडे लक्ष गेले.

या परंपरेला एक मर्यादा होती. जुन्या दंडारीत स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. कष्टात बरोबरीने राबणारी झाडीतील स्त्री मंडईला प्रेक्षक म्हणून येई. रंगमंचावर तिला जागा नव्हती.

महाविद्यालये आली

उच्च शिक्षणासाठी या जिल्ह्यातील मुलांना प्रथम नागपूर गाठावे लागे. तेथे १८८३ मध्ये स्कॉटिश मिशनचे हिस्लॉप महाविद्यालय आणि १८८५ मध्ये मॉरिस महाविद्यालय सुरू झाले होते. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. १९५६ मध्ये नागपुरातच संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने कॅथलिक महाविद्यालय उभे राहिले. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्थेची स्थापना केली. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. पुढे भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी अशा ठिकाणी महाविद्यालये निघाली आणि शेतकऱ्याचे मूल घरची भाकरी खाऊन पदवीपर्यंत पोहोचू लागले.

‘गॅदरिंग’ हा प्रकार मात्र शहरातून आला होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील विद्यार्थी १८६०च्या दशकातच शेक्सपिअरची नाटके करीत असत. निमंत्रणपत्रिकेवर ‘स्नेहसंमेलन’ आणि बोलण्यात ‘गॅदरिंग’, ही दुहेरी नावे आजही चालतात. वक्तृत्व, एकांकिका, रांगोळी, आनंदमेळा, पारितोषिक वितरण, ‘फिशपाँड’ म्हणजेच शेला-पागोटे, असा त्याचा साचा ठरून गेला. मंडई पाहत वाढलेली मुले या साच्यात आली तेव्हा खेड्यातील रंगभूमी आणि शहरी संमेलन यांची गाठ पडली. मंडळ चालवण्याचा अनुभव मुलांनी गावाकडून आणला. भाषण, वादविवाद आणि लिखित हिशेब यांची शिस्त महाविद्यालयाने दिली. आणि जी जागा दंडारीत मुलीला नव्हती, ती येथे मिळण्याची शक्यता निर्माण झाली. घरून परवानगी मिळवणे सोपे नव्हते. पण एकदा ती मिळाली की चारचौघांसमोर निर्भयपणे उभे राहण्याची सवय आयुष्यभर पुरे.

ख्रिस्तसभेचा अनुभव

करमणूक आणि शिक्षण यांच्या नात्याचा विचार ख्रिस्तसभेत जुना आहे. येशूसंघाचे मेसिना येथील महाविद्यालय १५४८ मध्ये सुरू झाले. त्यानंतर युरोपभर पसरलेल्या येशूसंघीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची नाटके ही मोठी परंपरा बनली. १५९९ च्या शिक्षणसंहितेत नाटकांसाठी वेगळा नियम आहे. नाटके लॅटिनमध्ये असावीत, क्वचितच व्हावीत, विषय पवित्र असावा आणि स्त्रीपात्र किंवा स्त्रीवेश नसावा, असा त्याचा आशय. म्हणजे रंगमंचाची शक्ती त्या गुरुजनांनी ओळखली होती आणि तिचे भयही त्यांना वाटत होते. आपल्या घरांतील आजची काळजी नवी नाही.

दुसरे उदाहरण संत जॉन बॉस्को यांचे आहे. त्यांच्या शिक्षणसंस्था पुढे जगभर पसरल्या. पण त्यांच्या कार्याचे बीज विद्यार्थिदशेतील एका मंडळात होते. १८३२ साली, इटलीतील किएरी गावी शिकत असताना, सोळा-सतरा वर्षांच्या या गरीब मुलाने सोबत्यांचे ‘आनंद मंडळ’ स्थापन केले. त्याचे नियम दोनच: ख्रिस्ती माणसाला न शोभणारे बोलणे-वागणे टाळायचे आणि अभ्यासाची व धर्माची कर्तव्ये चोख पार पाडायची. एवढे सांभाळून खेळ, जादूचे प्रयोग, कसरती आणि गप्पा यांना पूर्ण मोकळीक होती. ते मंडळ कोणा गुरुजींनी स्थापले नव्हते, हे महत्त्वाचे. पुढे धर्मगुरू झाल्यावर १८५८ मध्ये त्यांनी आपल्या मुलांच्या छोट्या रंगभूमीसाठी नियम लिहिले. मुलांना आनंद द्यावा, घडवावे आणि शिकवावे, हे तिचे प्रयोजन त्यांनी सांगितले. त्यांनी रंगमंच बंद केला नाही. त्याला शिस्त लावली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला, त्यात तरुणांनीच तरुणांचे पहिले प्रेषित व्हावे, असा विचार मांडला आहे. तरुणांवर विश्वास टाकल्याशिवाय हे घडणे शक्य नाही.

मत गेले, मंडप राहिला

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हा विश्वास मध्यंतरी डळमळला. विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकांत राजकीय पक्ष, पैसा आणि मारामाऱ्या शिरल्या. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याची हत्या झाली आणि राज्य हादरले. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेची रचनाच बदलली. आदल्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला विद्यार्थी वर्गप्रतिनिधी होऊ लागला. क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना आणि सांस्कृतिक कार्य यांतील प्रतिनिधी, तसेच दोन विद्यार्थिनी प्राचार्यांनी नेमायच्या, असे ठरले.

हिंसा थांबवण्याचा हेतू निश्चितच योग्य होता. ज्या आईवडिलांनी आपले मूल गमावले, त्यांच्यासमोर लोकशाहीचे प्रवचन करण्याचे धैर्य कोणाला होईल? तरीही या उपायाची किंमत भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांनीही मोजली. परीक्षेत पहिला येणारा प्रत्येक जण चांगला संघटक असतोच असे नाही. गुणांमध्ये मागे राहिलेला, पण गावच्या मंडईत शंभर माणसे सांभाळणारा मुलगा परिषदेच्या बाहेर राहू शकत होता. आणि सर्वसामान्य विद्यार्थ्याकडे मतच नसल्यामुळे संमेलनाचा जाब कोणाला विचारावा, हे त्याला कळेनासे झाले.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला; त्यात विद्यार्थिनींसाठी आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी प्रतिनिधींची पदे राखली आहेत. परंतु २०१९ मध्ये वेळापत्रक जाहीर होऊनही त्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. कागदावरील हक्क आणि हातातील हक्क यांत किती अंतर असते, ते यावरून दिसते.

ठेकेदाराच्या हाती

दरम्यान दुसरा बदल निःशब्दपणे झाला. ध्वनियंत्रणा, प्रकाशयोजना, सजावट, निवेदक, एवढेच नव्हे तर नृत्य बसवणारा शिक्षकही भाड्याने मिळू लागला. पैसे मोजले की समारंभ तयार. मंडप पूर्वीपेक्षा देखणा झाला. परंतु खिळा ठोकणारा, पडदा ओढणारा, रात्री दोन वाजता सतरंज्या मोजणारा विद्यार्थी त्यातून नाहीसा होऊ लागला. एकांकिकेच्या जागी ध्वनिफितीवरचे नृत्य आले. त्याला पाठांतर लागत नाही आणि लेखकही लागत नाही. मंडईत पहाटेपर्यंत तीन अंकी नाटक पाहणाऱ्या जिल्ह्यातील महाविद्यालयात नाटकालाच वेळ मिळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

याउलट, जेथे काम मुलांकडे राहिले तेथे काय घडते, ते आपण जाणतो. अंदाजपत्रक करताना पैसा पुरत नाही हे कळते. दोन गटांना एकच वेळ हवी असते, तेव्हा तडजोड शिकावी लागते. शेला-पागोट्यांच्या चिठ्ठ्या निवडताना थट्टा कोठे संपते आणि अपमान कोठे सुरू होतो, याचा निर्णय करावा लागतो. एखाद्या मुलीच्या नावाची घाणेरडी चिठ्ठी फाडून टाकणारा विद्यार्थी त्या क्षणी नीतिशास्त्राचा धडा गिरवत असतो. सर्वांत शेवटी हिशेब मांडावा लागतो आणि उरलेले सत्तर रुपये परत करावे लागतात. हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

आपल्या धर्मग्रामांनाही हे लागू आहे. भंडारा जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात येतो. तेथे आपला समाज संख्येने अल्प आहे. आपली मुले महाविद्यालयात इतर धर्मीय मित्रमैत्रिणींच्या खांद्याला खांदा लावूनच शिकतात. अशा मुलामुलींनी संमेलनाच्या कामापासून दूर राहावे, असा सल्ला आपण देऊ नये. शेजाऱ्याशी मैत्रीचे नाते जुळण्याची याहून सोपी संधी पुढील आयुष्यात क्वचितच मिळते. मात्र जबाबदारी घेण्याची सवय घरात आणि चर्चच्या आवारातच लागायला हवी. सणाच्या कार्यक्रमात आपण तरुणांना खुर्च्या मांडायला सांगतो. हिशेबाची वही मात्र वडीलधाऱ्यांच्या कपाटात राहते. एका वर्षी ती वही त्यांच्याकडे द्यावी, पैशाची मर्यादा ठरवून द्यावी आणि शेवटी सर्वांसमोर जमाखर्च वाचायला लावावा. चूक झाली तर ती वहीतच दिसेल आणि तेथेच दुरुस्त होईल.

येशूसंघाच्या संहितेने रंगमंचाला कुंपण घातले, डॉन बॉस्कोंनी त्याच कुंपणाचे दार मुलांसाठी उघडले. झाडीपट्टीतील गावकऱ्यांनी मंडईचा मंडप पिढ्यान्‌पिढ्या तरुणांच्या स्वाधीन केला. या तिन्ही गोष्टी आपल्यासमोर आहेत. दरवर्षी जानेवारीच्या सुमारास महाविद्यालयांत संमेलनांची धामधूम असते आणि ३१ जानेवारीला संत जॉन बॉस्को यांचा सण येतो. त्या दिवशी आपल्या मुलांना ‘तू कशात भाग घेतलास?’ असे विचारण्याबरोबरच ‘तुझ्याकडे कोणते काम सोपवले आहे?’ असेही विचारावे.