पाच मैल, पण कुठल्या बाजूला?

आम्ही डिंडोलीतले मराठी लोक बरेचसे खानदेशातून आलेले. गावाला जायचं म्हणजे उधना-जळगाव लाईनची गाडी. रात्रीच्या प्रवासात मध्येच जाग येते, बाहेर काळोख असतो आणि शेजारची बाई विचारते, "नंदुरबार गेलं का हो?" कोणी हो म्हणतं, कोणी नाही म्हणतं. चुकीचं उत्तर मिळालं तरी फार बिघडत नाही. गाडी रुळावर असते आणि रूळ जिथे नेतात तिथेच ती जाते.

विमानाला रूळ नसतात. ढगात किंवा काळोखात ते नेमकं कुठे आहे हे खिडकीतून कळत नाही, ते यंत्रांवरून कळतं. मग यंत्रच बिघडलं तर? एअर इंडियाच्या इतिहासात मुंबईहून निघालेल्या दोन विमानांवर ही वेळ आली होती. दोन्हींची हकिकत आपण बायकांनीही नीट वाचावी अशी आहे, कारण ती नुसती यंत्रांची नाही, बोलण्याचीही आहे.

पहिली २४ जानेवारी १९६६ ची. लालबहादूर शास्त्रींना ताश्कंदला जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. त्या सकाळी 'कांचनगंगा' नावाचं बोइंग ७०७ विमान मुंबई, दिल्ली, बैरुत करत जिनिव्हाकडे उतरत होतं. आत १०६ प्रवासी आणि ११ कर्मचारी होते. प्रवाशांमध्ये डॉ. होमी भाभा होते. आपल्या अणुकार्यक्रमाचा पाया घालणारे हे मुंबईचे शास्त्रज्ञ तेव्हा ५६ वर्षांचे होते आणि व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते.

त्या काळी उपग्रहावरून जागा सांगणारी सोय नव्हती. जमिनीवर ठिकठिकाणी व्हीओआर नावाची रेडिओ केंद्रं असत. विमानातलं यंत्र त्या केंद्राचे संकेत पकडून आपण त्याच्या कुठल्या दिशेला आहोत हे सांगे. दोन केंद्रांच्या दिशा मिळाल्या की त्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपण, असा हिशेब. म्हणून विमानात अशी दोन यंत्रं असत. 'कांचनगंगा'वरचं एक बंद होतं आणि बैरुतहून निघतानाच ते कप्तानाला माहीत होतं. एका यंत्रावरही काम भागतं, पण मग आधी एक केंद्र, नंतर दुसरं, असं करावं लागतं, आणि तेवढ्यात जेट विमान कितीतरी पुढे गेलेलं असतं.

वाटेत आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर होतं, माँ ब्लाँ. कप्तानाच्या हिशेबाने ते मागे पडलं होतं. जिनिव्हाचा नियंत्रक रडारवर विमान बघत होता. हिशेब चुकलाय हे त्याच्या लक्षात आलं. शिखराला पाच मैल आहेत, अशा अर्थाचं त्याने रेडिओवरून कळवलं. त्याची समजूत, एवढं सांगितलं की कप्तान चूक सुधारेल. कप्तानाची समजूत, शिखर ओलांडून झालं. त्याने खाली उतरणं चालूच ठेवलं. सुमारे ४,७५० मीटर उंचीवर, शिखराच्या जरासं खाली, विमान डोंगरावर आदळलं. ११७ पैकी कोणीही वाचलं नाही.

भाभांमुळे या अपघाताभोवती घातपाताच्या गोष्टी आजही फिरतात. आपल्या फोनवरही त्या येत असतात. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा आहे आणि म्हणूनच जास्त लागतो. एक यंत्र बंद होतं, कप्तानाचा अंदाज चुकला, नियंत्रकाने तो ओळखलाही, पण पुरेशा नेमक्या शब्दांअभावी त्याचं सांगणं उलट समजलं गेलं. अंतराचा आकडा सांगितला गेला, पण शिखर पुढे आहे की मागे, हे ऐकणाऱ्याच्या मनात पक्कं बसलं नाही.

दुसरी हकिकत १ जानेवारी १९७८ ची. एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट 'सम्राट अशोक' रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं. किनारा ओलांडला की खाली काळा समुद्र, वर काळं आकाश. अशा वेळी विमान सरळ आहे की कललेलं, हे शरीराला कळत नाही. त्यासाठी समोर कृत्रिम क्षितिज दाखवणारी एक तबकडी असते. कप्तानाची तबकडी बिघडली आणि विमान उजवीकडे कललंय असं दाखवू लागली. त्याने ते डावीकडे वळवलं, आणखी वळवलं. प्रत्यक्षात आधी ते सरळ होतं. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले.

तिथे सहवैमानिकाची वेगळी तबकडी होती, अडीअडचणीसाठी तिसरीही होती. तिन्ही एकमेकींशी ताडून पाहिल्या असत्या तर खोटी कोणती ते कळलं असतं. ध्वनिफितीत शेवटच्या काही सेकंदांत फ्लाइट इंजिनीअर कप्तानाला सांगतो, त्याच्यावर जाऊ नका, त्याच्यावर जाऊ नका. तो माणूस बरोबर होता. पण 'त्या'वर नाही तर कशावर जायचं, हे सांगायला वेळ उरला नव्हता.

मला या दोन्ही ठिकाणी आपली भाषा समिती आठवते. पाच समित्यांमधली ही दुसरी आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. बोलणं हितकर असावं, मोजकं असावं आणि असंदिग्ध असावं. पहिल्या दोन गोष्टी आपल्या लक्षात राहतात, कारण त्या बायकांना लहानपणापासूनच शिकवल्या जातात. गोड बोल, कमी बोल. तिसरी बाजूला पडते. जिनिव्हाच्या त्या नियंत्रकाचं बोलणं हितकर होतं, मोजकंही होतं. कमी पडली ती तिसरी गोष्ट.

विमानाच्या जगाने यातून धडा घेतला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने वैमानिकांच्या आपसातल्या वागण्या-बोलण्यावर कार्यशाळा घेतली आणि पुढे तसं प्रशिक्षण जगभर सुरू झालं. आता वैमानिकांना शिकवतात की यंत्रावर शंका आली तर लगेच मोठ्याने सांगा. एकाने विमान सांभाळायचं, दुसऱ्याने बिघाड बघायचा. इतर तबकड्या ताडायच्या. नियंत्रकाला कळवायचं. त्याची सूचना आली की ती आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायची, म्हणजे उलट समजली असेल तर तिथेच पकडली जाते. आणि धाकट्याने मोठ्याला चूक दाखवणं हा उद्धटपणा नव्हे, ते त्याचं कामच आहे.

हे शेवटचं आपल्या घरांनी घेण्यासारखं आहे. दुकानाच्या उधारीत काहीतरी चुकतंय हे सुनेला दिसतं, पण ती म्हणते, "बाबा, जरा बघून घ्या ना." काय बघायचं, कुठल्या पार्टीचं, किती रकमेचं, ते सांगत नाही. मर्यादा म्हणून. सासूबाईंना दोन पांढऱ्या गोळ्या असतात, एक बीपीची, एक साखरेची, आणि सकाळच्या घाईत एक जण दुसरीला विचारते, "ती पांढरी दिली का?" उत्तर येतं, "हो, दिली." दोघींच्या मनात वेगवेगळी गोळी. कोणीच खोटं बोललेलं नसतं.

गोलमोल बोलण्याला आपण नम्रता समजतो. पण समोरच्याचा जीव किंवा संसार आपल्या शब्दावर टेकलेला असेल, तेव्हा अर्धवट स्पष्ट बोलण्याने हिंसा होऊ शकते. नाव घेऊन बोलावं, आकडा सांगावा, बाजू सांगावी आणि विचारावं, "काय समजलं, सांगा बरं." यात आवाज चढवावा लागत नाही.

२०२० मध्ये माँ ब्लाँच्या हिमनदीतून त्या विमानातली भारतीय वर्तमानपत्रं वर आली. इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातमीची. ५४ वर्षं बर्फात राहूनही छापील अक्षरं वाचता येत होती. त्या सकाळी रेडिओवर बोललेल्या शब्दांना मात्र काही क्षणांचंच आयुष्य होतं, आणि तेवढ्यातच ते समजायला हवे होते.