तळटीप : नाशिकपर्यंत आलेला मोर्चा

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला गेलेला शेतकऱ्यांचा मोर्चा हा नव्हे. लेखकाच्या मनात जानेवारी २०२५ मध्ये परभणीहून पायी निघालेला मोर्चा आहे. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर ११ डिसेंबर २०२४ च्या बंदात धरपकड झाली. त्यात पकडलेला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पोलिसांनी बेदम मारल्याचा आरोप कुटुंबाने केला. सरकारने विधानसभेत तो नाकारून श्वसनाच्या आजाराकडे बोट दाखवले. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. याचा जाब विचारायलाच लोक मुंबईकडे चालत निघाले होते. फेब्रुवारीत नाशिकला आश्वासने मिळाली आणि मोर्चा तिथेच स्थगित झाला.

मूळ मजकुरातला ‘चौकशी’ हा शब्द मोघम आहे. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची, हे बंधन २००५ च्या दुरुस्तीने आले. आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. पण अहवाल आल्यावर पुढे काय, हे ते कलम सांगत नाही. तेवढ्यासाठी एका आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका करावी लागली, हे मला फार खुपते. गुन्हा नोंदवण्याचा आदेश ४ जुलै २०२५ ला झाला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तिथेही तो कायम राहिला. — सं.