मसुद्यांचा घाट

पश्चिम घाटावरील माधव गाडगीळ समितीने २०११मध्ये अहवाल दिला, पण केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहिती अधिकारातला अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि त्याविरुद्ध मंत्रालयाची दिल्ली उच्च न्यायालयात फसलेली धाव, एवढ्या खटाटोपानंतर मे २०१२मध्ये तो लोकांसमोर आला. समितीने सुचवलेल्या निर्बंधांनी स्थानिकांच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप गैरलागू नाही. पण ग्रामसभांना विचारूनच निर्णय घ्यावा, असे समितीचेच म्हणणे होते. अहवाल दडवल्याने अफवांना रान मोकळे मिळाले. घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवण्यासाठी २०१४पासून मसुदा अधिसूचना निघतात, मुदत संपताच बाद होतात. सहावी निघाली ३१ जुलै २०२४ला, याच घाटातल्या वायनाडमध्ये दरडी कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणून अधिसूचना काढण्याची मुभा देणारा नुसता कायदा पुरत नाही. मसुदा अंतिम करण्याची मुदत चुकवणाऱ्या सरकारला जाब द्यावा लागेल, अशी तरतूदही हवी.