उघडता येणारं यंत्र

दूध तापवायला काय लागतं? पातेलं, विस्तव आणि शेजारी उभं राहणारं माणूस. यातलं तिसरं सर्वांत महत्त्वाचं, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. नजर हलली की दूध उतू जातं. पण शहराला पुरेल एवढं दूध तापवायचं, ते लगेच गार करायचं आणि तेही रोज, तर ही नजर आणायची कुठून? या प्रश्नाला जे उत्तर सापडलं, त्याचा इतिहास मला आज सांगायचा आहे. कवीनं यंत्रावर बोलावं याचं नवल वाटेल. पण माझे एक मामू डेअरीत रात्रपाळीला होते आणि हे यंत्र मी त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात द्राक्षमद्य ठरावीक अंशांपर्यंत तापवून त्यातले जंतू मारले. पुढं ही युक्ती दुधाकडे आली. कच्च्या दुधातून क्षयाचे जंतूही मुलांच्या पोटात जात, त्यामुळे प्रश्न जिवाशी होता. सुरुवातीला मोठ्या टाकीत दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवीत. काम होई, पण सावकाश. आणि तापवायला खर्चलेली उष्णता गार करताना वाया जाई.

पातळ पत्र्यांच्या एका बाजूनं गरम आणि दुसऱ्या बाजूनं थंड द्रव सोडायचा, ही कल्पना जुनीच. जर्मनीत आल्ब्रेख्ट ड्राके यांना १८७८ मध्ये तिचं पेटंट मिळालं होतं. पण ती डेअरीत रुजली ती डॉ. रिचर्ड सेलिगमन यांच्यामुळे. हे धातुशास्त्रज्ञ. १९१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये अॅल्युमिनियमची भांडी आणि टाक्या बनवणारी कंपनी काढली, ती पुढं 'एपीव्ही' म्हणून ओळखली गेली. १९२३ मध्ये त्यांनी दुधासाठी प्लेटचं यंत्र बनवलं. त्या पहिल्या प्लेटा ओतीव धातूच्या, त्यावर कोरलेल्या खाचा. पत्रा दाबून केलेल्या स्टेनलेस स्टीलच्या प्लेटा नंतर आल्या.

रचना साधी आहे. नालीदार प्लेटा पुस्तकाच्या पानांसारख्या ओळीनं लावलेल्या. प्रत्येकीच्या कडेला रबराचं गॅसकेट. दोन्ही टोकांना जाड तक्ते, लांब बोल्टांनी आवळलेले. एका फटीतून कच्चं दूध, शेजारच्या फटीतून तापलेलं. मधे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा. बाहेर निघालेलं गरम दूध आत येणाऱ्या थंड दुधाला आपली ऊब देतं आणि स्वतः निवतं. लागणारी ८० ते ९० टक्के उष्णता अशी घरातल्या घरातच फिरते. उरलेली गरम पाणी पुरवतं. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहतं, मग ४ अंशांपर्यंत गार होतं. ताप कमी पडला तर एक झडप ते दूध मागं वळवते. पत्र्यावरच्या नाल्यांनी प्रवाह घुसळला जातो, म्हणून एवढ्या थोड्या वेळात काम होतं.

आपल्याकडे या यंत्राचा मुंबईशी जुना संबंध आहे. खेड्याच्या, म्हणजे खेडा जिल्ह्याच्या सहकारी संघाचं दूध १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणंदहून रेल्वेनं मुंबईला येऊ लागलं. अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक, त्यात आपला उन्हाळा. १९४९ मध्ये आणंदला आलेल्या वर्गीज कुरियन यांनी तिथली जुनी यंत्रं पाहिली आणि नवा प्लेट पाश्चरायझर घ्यायचा आग्रह धरला. दूध टिकलं, तेव्हाच शेतकऱ्याच्या हाती पैसा टिकला.

आता देखभालीचं. तापलेल्या पत्र्यावर दुधातली प्रथिनं आणि खनिजं चिकटतात, त्याला दूधखडा म्हणतात. तो चढला की उष्णता पलीकडे जात नाही. म्हणून रोजचं काम संपलं की आधी पाणी, मग गरम कॉस्टिक सोडा, पुन्हा पाणी, मग सौम्य नायट्रिक आम्ल आणि शेवटी पाणी फिरवतात. सोडा प्रथिनं काढतो, आम्ल खनिजं. मिठाचं आम्ल मात्र चालत नाही, ते स्टीलला टोचे पाडतं. तारेचा ब्रशही नाही. ठरावीक काळानं यंत्र उघडून प्रत्येक प्लेट आणि प्रत्येक रबर तपासायचं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आणि मापाएवढेच आवळायचे. जास्त आवळलं की प्लेट चेपते. प्लेटांच्या कडांवरून एक तिरपी रंगीत रेघ ओढलेली असते. जोडणी चुकली की रेघ तुटलेली दिसते.

"धुतलं म्हणजे पाहिलं असं नाही, बेटा," मामू म्हणत. यंत्र न उघडता धुण्याची सोय झाली हे चांगलंच. पण केसासारखी चीर धुण्यानं दिसत नाही. त्या चिरेतून कच्चं दूध शुद्ध दुधात मिसळू शकतं. म्हणून शुद्ध दुधाचा दाब कच्च्यापेक्षा जास्त ठेवतात, गळती झालीच तर उलट दिशेनं व्हावी. आणि म्हणूनच प्लेट सोडवून तिच्यावर रंगद्रव लावून चीर शोधतात.

उष्णता वाचवणारी यंत्रं आज पुष्कळ आहेत; काही तर कायमची सांधलेली, न उघडणारी. दुधाच्या कामात मात्र सेलिगमन यांचा बोल्टांचा सांगाडा शंभर वर्षांनंतरही टिकून आहे, कारण तो सोडून आत पाहता येतं. तिथं पाहणाऱ्या माणसाची नोकरी वाचवून खर्च कमी करू म्हणणाऱ्यांनी, ते दूध कुणाच्या पेल्यात जाणार आहे, एवढं आधी आठवावं.