दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी

नगरचा तोफखाना किंवा संगमनेरची एखादी गल्ली डोळ्यांसमोर आणली, म्हणजे दारात सूप घेऊन बिड्या वळणारी बाई आठवल्यावाचून राहत नाही. टेंभुर्णीचे पान कापावे, चिमूटभर तंबाखू भरावा, पान वळून दोरा बांधावा. आणि मजुरी मोजायची ती हजारावर. नगर शहरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः पद्मशाली स्त्रियांनी केले. त्यांच्या धंद्याला प्रयोगशाळा कधी लागली नाही.

सिगारेटच्या धंद्याला ती लागली. इंपीरियल टोबॅको कंपनी १९१० साली हिंदुस्थानात उभी राहिली आणि १९१२ पासून गुंटूरकडे पानाच्या सुधारणेचे काम सुरू झाले. १९४७ साली राजमहेंद्रीस सरकारी तंबाखू संशोधन केंद्र निघाले. पान चांगले कसे यावे, हा तेथला मुख्य प्रश्न. ओढणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न निराळा. आणि तो विचारला वैद्यांनी.

१९५० साली अमेरिकेत वाइंडर व ग्रॅहॅम यांनी, आणि विलायतेत डॉल व हिल यांनी, धूम्रपानाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध दाखविला. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकन कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांची जाहिरात झळकली : लोकांचे आरोग्य हीच आमची पहिली जबाबदारी, आम्ही संशोधनास पैसा देऊ. पैसा दिलाही. परंतु १९६३ साली ब्राउन अँड विल्यमसनच्या वकिलाने खासगी टिपणात निकोटीन व्यसन लावणारे आहे अशी कबुली दिली, आणि १९९४ साली कंपन्यांचे प्रमुख मात्र अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे शपथेवर म्हणाले की, आम्हांस तसे वाटत नाही! त्याच वर्षी आतली कागदपत्रे बाहेर आली. २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी, कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केली, असा निर्णय दिला. ज्ञान नव्हते असे नाही. ते कुलपात होते.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत परळला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. १९५५ साली संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. पुढे १९७४ साली हेच संघवी आणि तेच वाइंडर, हॉफमन यांच्यासह, बिडीचा धूर तपासावयास बसले. बिडीत तंबाखू थोडा. तरी तिच्या धुरातील डांबर व निकोटीन अमेरिकन सिगारेटहून कमी भरले नाही, अधिकच भरले. नंतर मुंबईच्या संशोधकांना बिडी कामगारांच्या शरीरात तंबाखूचे अंश सापडले. हे काम धंद्याच्या पदरच्या माणसांनी केलेले नव्हे. धंद्याने दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याचेही नाकारले.

संशोधन विभागाची परीक्षा यंत्रांच्या संख्येवरून करू नये, असे आम्हांस वाटते. धन्याला न आवडणारा निष्कर्ष तेथून बाहेर पडू शकतो की नाही, एवढेच पाहावे. आणि दुसरी कसोटी आपल्या दाराशी आहे. १९६६ च्या कायद्याने बिडी कामगारांच्या कामाच्या अटी बांधल्या, १९७६ साली कल्याणनिधी आला. पण सुपातला तंबाखू सोडून तिने काय वळावे, याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेने शोधले नाही. धूर वाईट म्हणणे सोपे आहे. त्या बाईच्या चुलीचा हिशेब जोडल्याखेरीज ते संशोधन पुरे झाले, असे आम्ही म्हणणार नाही.