सागरतळाच्या विस्ताराला पडणारा विराम : एका प्रश्नाचा इतिहास

महासागरांच्या तळाशी पर्वतरांगांची एक साखळी सुमारे ६५,००० किलोमीटरपर्यंत पसरलेली आहे. तिच्या माथ्यावरील खचदरीतून तप्त शिलारस वर येतो, थिजतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. सागरतळाची निर्मिती अशी अखंड चालू असते. ही निर्मिती कशी होते, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याच अंशी समाधानकारक उत्तर मिळाले. परंतु ती थांबते का, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला. वस्तुतः विस्तार थांबलेल्या अनेक रांगा आज ज्ञात आहेत. त्यांचे स्पष्टीकरण देताना विद्वानांना आपल्या मूळ कल्पनाच पालटाव्या लागल्या. त्या पालटाचा हा संक्षिप्त आलेख होय.

प्रारंभी या प्रश्नाचे उत्तर सिद्धान्तातच अनुस्यूत होते. हॅरी हेस यांचा महासागरी द्रोणींच्या इतिहासावरील निबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्याला त्यांनी स्वतःच ‘भूकाव्य’ म्हटले होते. पृथ्वीच्या प्रावरणात संनयन प्रवाहांची आवर्तने असतात आणि जेथे प्रवाह वर येतो तेथे पर्वतरांग उभी राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. साहजिकच रांगेचे आयुष्य म्हणजे तिच्याखालील आवर्तनाचे आयुष्य. ते त्यांनी २० ते ३० कोटी वर्षे मानले. प्रवाह मंदावला की रांग विझते, इतके हे उत्तर सरळ होते.

अशा विझलेल्या रांगेचे उदाहरणही लगेच पुढे आले. पश्चिम व मध्य पॅसिफिकच्या तळाशी सपाट माथ्याचे अनेक बुडालेले ज्वालामुखी आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेस यांनीच त्यांचा शोध लावला होता. त्यांच्या आधारे हेन्री मेनार्ड यांनी १९६४ साली असे मत मांडले की, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी तेथे एक विशाल उंचवटा होता व तो पुढे खचला. या उंचवट्याला त्यांनी डार्विनचे नाव दिले. परंतु याच सुमारास एक नवे साधन विद्वानांच्या हाती येत होते. ‘ओवेन’ या ब्रिटिश सर्वेक्षण नौकेने १९६२ साली अरबी समुद्रापलीकडील कार्ल्सबर्ग रांगेची चुंबकीय मोजणी केली. तिच्या आधारे फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ साली दाखविले की, पृथ्वीच्या चुंबकत्वाची उलटापालट सागरतळावर पट्ट्यांच्या रूपाने नोंदली जाते. हेच पट्टे पुढे पश्चिम पॅसिफिकमध्ये तपासले गेले, तेव्हा डार्विन उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना अपेक्षित असलेली सममिती तेथे आढळली नाही. तो तळ इतरत्र निर्माण होऊन तेथवर सरकत आला होता. विझलेली म्हणून प्रथम गाजलेली रांग मुळात रांगच नव्हती, असे म्हणावे लागते.

मात्र ज्या साधनाने हे उदाहरण खोटे ठरविले, त्यानेच खरी उदाहरणेही दाखवून दिली. विस्तार चालू असलेल्या रांगेच्या अक्षावर आजचा पट्टा असतो. थांबलेल्या रांगेच्या दोन्ही अंगांस पट्ट्यांची सममिती दिसते, परंतु मध्यवर्ती पट्टा प्राचीन असतो; तोच विरामाचा काळ सांगतो. तेथे भूकंपांची रेषा नसते, आणि खचदरी बहुधा गाळाखाली गाडलेली असते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांमधील टास्मन समुद्र, तसेच कॅनडा व ग्रीनलंड यांमधील लॅब्रेडॉर समुद्र ही या प्रकारची ठळक उदाहरणे होत. लॅब्रेडॉरची हकीकत विशेष बोधप्रद आहे. सुमारे ५ कोटी ५० लक्ष वर्षांपूर्वी ग्रीनलंड व नॉर्वे यांच्या दरम्यान नवा समुद्र उघडू लागला. तेव्हापासून काही काळ दोन्ही शाखा एकाच वेळी चालू होत्या. मग पश्चिमेकडील शाखा मंदावली आणि सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी थांबली. एकाच भूभागाच्या दोन बाजूंच्या रांगांपैकी एक थांबावी व दुसरी चालू राहावी, याचा उलगडा केवळ खालच्या आवर्तनाच्या मंदावण्याने नीट होत नाही.

आवर्तनाच्या कल्पनेला आणखी एक अडचण होती. अंटार्क्टिका खंड जवळजवळ सर्व बाजूंनी विस्तारणाऱ्या रांगांनी वेढलेले आहे. त्यांच्या आणि खंडाच्या दरम्यान सागरतळ गिळणाऱ्या गर्ता जवळजवळ नाहीत. तरीही नवा तळ निर्माण होतच आहे. याचा अर्थ एकच, की त्या रांगा स्वतःच खंडापासून दूर सरकत आहेत. जी रांग स्वतः स्थलांतर करते, ती प्रावरणातील एखाद्या स्थिर ऊर्ध्वगामी प्रवाहाशी जखडलेली असू शकत नाही. भूपट्ट सिद्धान्त १९६७-६८च्या सुमारास आकारास आला, तेव्हा रांग हे पुष्कळांच्या दृष्टीने गतीचे उगमस्थान राहिले नाही. दूर जाणाऱ्या दोन भूपट्टांमधील फट भरून काढणारा तो केवळ एक सांधा ठरला.

मग भूपट्टांना ओढते कोण? डोनाल्ड फोर्साइथ व सेइया उयेदा यांनी १९७५ साली भूपट्टांवरील प्रेरणांची तुलना केली. ज्या भूपट्टांच्या कडेचा मोठा भाग गर्तेत बुडत आहे, तेच वेगाने सरकतात, असे त्यांना आढळले. थंड व जड झालेला सागरतळ बुडताना मागील भागाला ओढतो, हेच गतीचे प्रधान कारण ठरले. अर्थात ही ओढ संपली, तुटली किंवा तिची दिशा पालटली, म्हणजे रांगेचे कामही संपते. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्यासमोर याचा पुरावा मिळतो. तान्या अ‍ॅटवॉटर यांनी १९७० साली दाखविल्याप्रमाणे, फॅरलॉन भूपट्ट अमेरिकेखाली बुडत गेल्याने पॅसिफिकमधील रांग किनाऱ्याकडे सरकली. उत्तरेस ती गर्तेशीच येऊन भिडली. दक्षिणेस मात्र तिचे काही तुकडे गर्तेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, सुमारे १ कोटी २५ लक्ष वर्षांपूर्वी थांबले. उरलेले भूपट्टाचे अवशेष लहान, कोवळे व उष्ण असल्याने बुडण्यास पुरेसे जड नव्हते. ते पॅसिफिक भूपट्टालाच जोडले गेले.

परिभाषेतही या पालटाचे प्रतिबिंब पडले. ‘मृत’ रांग म्हटले की मरणाचे कारण तिच्या अंतरंगात असावे, असे सूचित होते. ‘परित्यक्त’ रांग म्हटले की तिला कोणी सोडले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आणि त्याचे उत्तर बहुधा इतरत्र, कधी हजारो किलोमीटर दूर असते.

या दृष्टीने भारताच्या पश्चिमेकडील सागरतळ महत्त्वाचा आहे. मादागास्करपासून भारत सुटल्यावर मॅस्करीन द्रोणीत विस्तार चालू होता. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी तो थांबला. दरम्यान उत्तरेस भारत व सेशेल्स यांच्यामध्ये नवी फट पडली होती. तिचीच पुढे कार्ल्सबर्ग रांग झाली. दख्खनचे लाव्हाथर त्याआधी काही काळच, सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी पसरले होते. त्या उष्णतेने शिलावरण दुर्बल झाले आणि रांगेने तेथे उडी घेतली, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

किनाऱ्याच्या अधिक निकट लक्ष्मी द्रोणी आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९४ साली तेथे सममित चुंबकीय पट्टे असल्याचे प्रतिपादन केले आणि ती एक परित्यक्त विस्ताररेषा असल्याचे मत मांडले. तिच्या अक्षावरील सागरी पर्वतांना रामन, पणिक्कर व वाडिया यांची नावे आहेत. तो तळ म्हणजे ताणून पातळ झालेले भूखंडीय कवच होय, असे दुसरा पक्ष मानतो. २०१५ साली आंतरराष्ट्रीय मोहिमेने तेथे वेधन करून गाळाखालील बेसाल्ट मिळविला. परंतु त्याच्या रासायनिक घडणीचा अर्थ लावण्यातही मतभेद झाले. भारताचे भूखंड पश्चिमेस नेमके कोठे संपते, याचा निर्णय या वादावर अवलंबून आहे.

ओढीचा सिद्धान्तही सर्वत्र सारखा लागू पडत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. भारत व आशिया यांची टक्कर झाल्यावर पूर्वेकडील व्हार्टन रांग सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी थांबली. कार्ल्सबर्ग रांग मात्र मंदावली, पण थांबली नाही; आजही ती वर्षाला दोन ते तीन सेंटिमीटर वेगाने विस्तारत आहे. एकाच आघाताने एक रांग थांबावी व दुसरी टिकावी, यावरून असे दिसते की प्रत्येक विरामाचा विचार त्या त्या भूपट्टाच्या सर्व सीमा एकत्र पाहूनच करावा लागतो. हेस यांच्या सिद्धान्तात विरामाला एकच कारण होते. आजच्या सिद्धान्तात कारणे अनेक आहेत, आणि त्यांपैकी कोणते कोठे लागू पडते हे त्या त्या सागरतळाच्या इतिहासावरूनच ठरवावे लागते.